नाण्यावर बुकर वॉशिंग्टन, आरोपीच्या पिंजऱ्यात ड्यु बॉइस!



बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीवर्षात, ६ डिसेंबर २०१५ रोजी, पंतप्रधानांच्या हस्ते दोन नाणी प्रकाशित झाली. एक १२५ रुपयांचे आणि दुसरे १० रुपयांचे. तेव्हापासून आपल्या तरुणांमध्ये नाणी जमवणाऱ्यांची संख्या वाढलेली मला दिसते. चैत्यभूमीला, दीक्षाभूमीला जाणारे पुस्तकांसोबत नाणीही शोधतात. कोणाकडे १९९० चा बाबासाहेबांचा एक रुपया असतो, कोणी १२५ रुपयांचे नाणे मखमली डबीत ठेवतो आणि जयंतीला बाहेर काढून त्याला फूल वाहतो. यावर आपल्याच काही जुन्या कार्यकर्त्यांचा आक्षेप आहे. ते म्हणतात, हा भक्तीचाच नवा प्रकार आहे, मूर्ती गेली आणि नाणे आले.

मला दोघांचेही पटत नाही. नाणी जरूर जमवावीत. पण सरकारने पाडलेले प्रत्येक स्मारक नाणे हे एक सरकारी निवेदन असते. कोणाचा चेहरा निवडला, त्या माणसाच्या आयुष्यातले काय कोरले आणि काय गाळले, हे त्या निवेदनात लिहिलेले असते. फूल वाहणाराही ते वाचत नाही आणि नाक मुरडणाराही वाचत नाही. वाचायला शिकायचे असेल तर माझ्या मते अमेरिकेच्या जुन्या चांदीच्या स्मारक नाण्यांइतकी चांगली शाळा दुसरी नाही. १८९२ ते १९५४ या काळातली ही नाणी. जगभरचे संग्राहक त्यांना ‘क्लासिक’ म्हणतात.

अमेरिकाच का? बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते, १९७२ साली दलित पँथरने आपले नाव तिथल्या ब्लॅक पँथरवरून घेतले, हे नाते तर आहेच. शिवाय या नाण्यांच्या मालिकेत गुलामगिरीसाठी लढलेले सेनापतीही आहेत आणि गुलाम म्हणून जन्मलेला माणूसही आहे. दोघेही एकाच वजनाच्या, एकाच कसाच्या चांदीवर.

आधी ही यंत्रणा कशी चालायची ते सांगतो, कारण सगळी गंमत तिथे आहे. एखादी समिती किंवा संस्था काँग्रेसकडे, म्हणजे त्यांच्या संसदेकडे जायची. आम्हाला अमुक घटनेचे किंवा तमुक माणसाचे स्मारक करायचे आहे, नाण्याला परवानगी द्या, म्हणायची. कायदा मंजूर झाला की सरकारी टांकसाळ नाणी पाडून ती त्या समितीला दर्शनी किमतीला द्यायची. बहुतेक नाणी अर्ध्या डॉलरची, म्हणजे ५० सेंटची. १२.५ ग्रॅम वजन, ९० टक्के चांदी. समिती ते नाणे एक डॉलरला किंवा त्याहून जास्त किमतीला विकणार आणि वरचा पैसा समितीचा. म्हणजे शिक्का सरकारचा, नफा समितीचा! ज्याची दिल्लीत, माफ करा, वॉशिंग्टनमध्ये ओळख, त्याचा इतिहास चांदीत.

पहिले नाणे कोलंबसाचे. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी १८९२ पासून ते पाडले. ५० सेंटचे नाणे एक डॉलरला. त्याच प्रदर्शनातून कृष्णवर्णीयांना डावलले म्हणून आयडा बी. वेल्स आणि फ्रेडरिक डग्लस यांनी पुस्तिका काढून प्रदर्शनाला आलेल्या लोकांमध्ये वाटली. कोलंबसाच्या नाण्यांचा खप अपेक्षेइतका झाला नाही. लाखो नाणी वितळवावी लागली आणि बरीच शेवटी ५० सेंटलाच बाजारात सोडावी लागली. लोकांनी ती भाजीपाल्यात खर्च केली असणार. वेल्स-डग्लस यांची पुस्तिका मात्र आजही अभ्यासली जाते.

पुढे १९३० च्या दशकात या सगळ्याचा सट्टा झाला. सिनसिनाटी शहराच्या संगीतपरंपरेला १९३६ मध्ये ५० वर्षे झाली म्हणून थॉमस मेलिश नावाच्या नाणेसंग्राहकाच्या पुढाकाराने एक नाणे आले. तीन टांकसाळींतून प्रत्येकी सुमारे पाच हजार. तीन नाण्यांचा संच पावणेआठ डॉलरला, दर्शनी किंमत दीड डॉलर! १८८६ साली त्या शहराच्या संगीतात नेमके काय घडले होते, हे कोणालाच धड सांगता आलेले नाही. या टप्प्यावर मी जास्त वेळ घालवत नाही. टंचाई मुद्दाम निर्माण करून भाव चढवण्याची युक्ती तुम्हाला आजच्या बाजारातही दिसते, एवढे लक्षात असू द्या.

आता मुद्द्याचे नाणे. १९२५, स्टोन माउंटन. जॉर्जिया राज्यातल्या या प्रचंड खडकावर दक्षिणेच्या फुटीर सैन्याचे, म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी यादवी युद्ध लढलेल्यांचे शिल्प कोरायचे ठरले. पैसे कुठून आणायचे? नाणे काढा! गट्झन बोरग्लम या शिल्पकाराकडे खडकाचेही काम होते आणि नाण्याचेही. नाण्याच्या एका बाजूला घोड्यावर बसलेले जनरल रॉबर्ट ली आणि स्टोनवॉल जॅक्सन, दुसऱ्या बाजूला गरुड आणि दक्षिणेच्या सैनिकाच्या शौर्याचे स्मारक अशा अर्थाचा मजकूर. १९१५ च्या नोव्हेंबरमध्ये याच डोंगरावर क्रॉस पेटवून कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी टोळीचा पुनर्जन्म झाला होता. बोरग्लम स्वतः क्लॅनच्या राजकारणात वावरलेला माणूस. आणि ज्या सरकारविरुद्ध हे सेनापती बंड करून उठले, त्याच सरकारच्या टांकसाळीने त्यांची सुमारे २३ लाख नाणी पाडून दिली! त्यातली जवळपास दहा लाख खपली नाहीत म्हणून परत वितळवली, हा भाग वेगळा.

या नाण्यावर गुलामगिरी हा शब्द नाही. गुलाम नाही, बेडी नाही. फक्त शौर्य आहे. कशासाठीचे शौर्य, हा प्रश्न नाण्याने विचारायचाच नाही असे ठरवले आहे. आपल्याकडेही गावोगावच्या पुतळ्यांवर शौर्य कोरलेले असते आणि त्या शौर्याखाली कोण भरडले गेले याची पाटी नसते. भीमा कोरेगावचा स्तंभ इतक्यांच्या डोळ्यांत का खुपतो, याचे उत्तर इथेच आहे. तिथे दगडावर नावे आहेत आणि त्या नावांत आपली नावे आहेत.

स्टोन माउंटननंतर २१ वर्षांनी, १९४६ मध्ये, अमेरिकेच्या नाण्यावर पहिल्यांदा एक कृष्णवर्णीय माणूस आला. बुकर टी. वॉशिंग्टन. १८५६ साली व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्म, १८८१ मध्ये अलाबामात टस्कीगीच्या शाळेची उभारणी, १४ नोव्हेंबर १९१५ रोजी मृत्यू. म्हणजे ते वारले तेव्हा बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये शिकत होते आणि त्याच महिन्यात स्टोन माउंटनवर तो क्रॉस पेटला.

या नाण्याचा शिल्पकारही कृष्णवर्णीय. आयझॅक स्कॉट हॅथवे, टस्कीगीत मातकामाचे शिक्षक. अमेरिकेचे नाणे घडवणारे ते पहिले कृष्णवर्णीय कलावंत. लहानपणी ते वडिलांसोबत संग्रहालयात गेले, फ्रेडरिक डग्लस यांचा पुतळा शोधत राहिले आणि तो कुठेच नव्हता, तेव्हा आपणच आपल्या माणसांचे पुतळे करायचे असे त्यांनी ठरवले, अशी आठवण त्यांच्याबद्दल सांगितली जाते. वॉशिंग्टनच्या नाण्याचे काम आधी चार्ल्स केक या गोऱ्या शिल्पकाराकडे गेले होते. पण हॅथवे यांच्याकडे वॉशिंग्टन यांच्या चेहऱ्यावरून घेतलेला साचा होता. कला आयोगाने शेवटी हॅथवेंचे काम निवडले. गावोगाव बाबासाहेबांचे पुतळे करणाऱ्या आपल्या मूर्तिकारांची नावेही आपण लिहून ठेवत नाही. हॅथवेंचे नाव किमान नाण्यांच्या पुस्तकांत तरी आहे.

आता नाण्याची मागची बाजू बघा. वर न्यूयॉर्कच्या ‘हॉल ऑफ फेम’ची खांबांची इमारत, खाली गुलामांची लाकडी झोपडी. मजकुराचा अर्थ असा, की गुलामाच्या झोपडीतून कीर्तिमंदिरात. १९४५ मध्ये त्या कीर्तिमंदिरात निवडले गेलेले वॉशिंग्टन हे पहिले कृष्णवर्णीय.

वाचायला छान वाटते. पण थांबून विचार करा. झोपडी आहे, मालक कुठे आहे? त्या झोपडीत माणसे कोणी डांबली? नाण्यावर एक माणूस स्वतःच्या हुशारीने, कष्टाने वर चढतो. मागे कोण राहिले, कोणी ठेवले, याचा पत्ता नाही. ही कथा प्रत्येक सत्तेला आवडते. कारण या कथेत सत्तेवर आरोप नसतो. उलट, बघा, आमच्या व्यवस्थेत झोपडीतला माणूसही वर येतो, असे प्रमाणपत्र व्यवस्थेलाच मिळते. बाबासाहेबांवरची किती भाषणे याच साच्यातून निघतात! दिव्याखाली अभ्यास केला, परदेशात शिकले, मोठे झाले. ज्या व्यवस्थेने त्या मुलाला शाळेत पोत्यावर बसवले, तिचे नाव घेताना वक्त्याचा घसा बसतो.

बुकर वॉशिंग्टन यांच्यावरची सगळी टीका मला मान्य आहे असे नाही. १८९५ च्या अटलांटाच्या भाषणात त्यांनी भूमिका घेतली, की राजकीय हक्कांची आणि सामाजिक समतेची घाई नको, आधी हातात कसब आणि गाठीला पैसा येऊ द्या. गोऱ्यांनी त्यांना डोक्यावर घेतले ते यामुळेच. डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांनी १९०३ साली या भूमिकेची उघड चिरफाड केली. मताचा हक्क सोडून, समतेचा हक्क सोडून, उच्च शिक्षण सोडून मिळणारी प्रगती टिकणार कशी, हा त्यांचा प्रश्न. आपल्याला तो ओळखीचा वाटेल. पण हेच वॉशिंग्टन पडद्यामागून मतदानबंदीच्या कायद्यांविरुद्ध कोर्टात लढणाऱ्यांना पैसा पुरवत होते, हेही पुढे पुराव्यासह उघड झाले आहे. तो वॉशिंग्टन नाण्यावर नाही. सरकारने सौम्य माणूस निवडला आणि वर त्याच्यातला कडक भागही तासून टाकला.

आणि आता तारखा बघा. याच १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यु बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे निवेदन दिल्याचे त्यांनी वाचले होते. अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे नेण्याचा विचार सुरू होता, म्हणून त्यांनी त्या निवेदनाच्या प्रती मागितल्या. ड्यु बॉइस यांचे उत्तर ३१ जुलै १९४६ चे. भारतातल्या अस्पृश्यांबद्दल सहानुभूती आणि मदतीची तयारी त्यांनी कळवली. ही पत्रे आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. आणि बुकर वॉशिंग्टन यांच्या नाण्याचा कायदा झाला ७ ऑगस्ट १९४६ ला. फक्त सात दिवसांनी!

म्हणजे आपला माणूस कोणाशी पत्रव्यवहार करत होता आणि अमेरिकेचे सरकार कोणाला नाण्यावर बसवत होते, हे एका आठवड्याच्या अंतरात दिसते. मला यात कोणताही कट दिसत नाही. नाण्याची मागणी सिडनी फिलिप्स यांची होती. वॉशिंग्टन यांच्या जन्मस्थानाचे स्मारक उभारणाऱ्या संस्थेचे ते अध्यक्ष, स्वतः कृष्णवर्णीय, आणि त्यांची तळमळ खोटी मानायचे कारण नाही. पण सरकार कोणाला लगेच हो म्हणते, ते बघायचे.

फिलिप्स यांचा हिशेब असा होता. पन्नास लाख नाण्यांची परवानगी, प्रत्येकी साधारण एक डॉलर, स्मारक सहज उभे राहील. प्रत्यक्षात १९५१ पर्यंत पाडली गेली सुमारे ३१ लाख आणि त्यातली निम्मी, सुमारे १५ लाख ८० हजार, खपलीच नाहीत. मग १९५१ मध्ये फिलिप्स पुन्हा काँग्रेसकडे गेले. न खपलेली नाणी वितळवून नवे नाणे काढू द्या. या वेळी वॉशिंग्टन यांच्या जोडीला टस्कीगीचेच कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. मागे अमेरिकेचा नकाशा, त्यावर ‘अमेरिकॅनिझम’ हा शब्द आणि सर्वांना स्वातंत्र्य व संधी अशा अर्थाची ओळ. कायद्यात उद्देशच लिहिला होता, की राष्ट्रीय संरक्षणाच्या हितासाठी निग्रोंमधील कम्युनिझमच्या प्रसाराला विरोध करणे. शब्द त्या काळातलाच ठेवला आहे.

वॉशिंग्टन वारले १९१५ मध्ये. रशियन क्रांती १९१७ ची. क्रांतीच्या दोन वर्षे आधी मेलेल्या माणसाला तिच्याविरुद्ध पहाऱ्यावर उभे केले! आणि कार्व्हर तर भुईमूग, रताळी आणि जमिनीचा कस यांत आयुष्य घालवलेला माणूस. मेलेला माणूस बोलत नाही, हा स्मारकांचा मोठा फायदा आहे. बाबासाहेबांनाही कोणकोणत्या मंचांवर, कोणाकोणाच्या विरोधात उभे केले जाते ते आपण रोज बघतो. हिंदू धर्म जाहीरपणे सोडलेल्या माणसाचा फोटो समरसतेच्या बॅनरवर हसत असतो.

कार्व्हर-वॉशिंग्टन नाण्याचा कायदा झाला २१ सप्टेंबर १९५१ ला. त्याच वर्षी फेब्रुवारीत ८२-८३ वर्षांच्या ड्यु बॉइस यांच्यावर खटला भरला गेला होता. अण्वस्त्रांविरुद्ध सह्या गोळा करणाऱ्या शांतता केंद्राचे ते अध्यक्ष होते. परकीय शक्तीचे हस्तक म्हणून नोंदणी केली नाही, हा आरोप. नोव्हेंबरमध्ये त्यांच्यावरचा खटला कोर्टात टिकला नाही, ते निर्दोष सुटले. तरी पुढे १९५८ पर्यंत त्यांना पासपोर्ट मिळाला नाही. समतेची आता मागणी करणारा आरोपीच्या पिंजऱ्यात आणि जरा दमाने घ्या म्हणणारा चांदीवर. एकच सरकार, एकच वर्ष. कार्व्हर-वॉशिंग्टनचे नाणे हातात घेताना मला नेहमी ड्यु बॉइस दिसतात. नाण्यावर नसलेला माणूस दिसायला लागला की नाणे वाचता आले.

स्मारकाचे काय झाले? नाण्यांतून पैसा उभा राहिला नाही, संस्था कर्जात बुडाली. १९५६ मध्ये जन्मस्थान केंद्र सरकारचे राष्ट्रीय स्मारक झाले म्हणून ते वाचले. १९५४ नंतर अमेरिकेने स्मारक नाणी काढणेच बंद केले, ते १९८२ पर्यंत. क्लासिक मालिकेचा शेवट अशा रीतीने कार्व्हर-वॉशिंग्टनच्या नाण्यानेच झाला. स्मारकाचा खर्च वस्तू विकून भागवू म्हणणाऱ्या आपल्या समित्यांनी हा हिशेब डोळ्यांखालून घालावा. समाजाच्या मासिक वर्गणीवर उभे राहिलेले विहार आणि वाचनालये मी पाहिली आहेत. स्मृतिचिन्हांच्या विक्रीवर टिकलेले एकही माझ्या पाहण्यात नाही.

इथे बाजाराबद्दल थोडे. बुकर वॉशिंग्टन आणि कार्व्हर-वॉशिंग्टन ही क्लासिक मालिकेतल्या सगळ्यात स्वस्त नाण्यांपैकी आहेत. यावरून आपल्यातला एखादा पटकन म्हणेल, बघा, बाजारही वर्णद्वेषी! सावकाश. ती स्वस्त आहेत कारण ती लाखोंनी पाडली आणि लाखोंनी शिल्लक आहेत. सिनसिनाटीचे नाणे महाग आहे कारण ती मुळात काही हजारच होती. भाव टंचाईला मिळतो, महत्त्वाला नाही. प्रत्येक गोष्टीत द्वेष शोधला की खरा द्वेष दाखवताना आपले कोणी ऐकत नाही. उलट आपल्यासारख्यांसाठी ही चांगली बातमी आहे. जे नाणे सगळ्यात जास्त बोलते, तेच परवडते.

या मालिकेचे ५० प्रकार आहेत, टांकसाळी आणि वर्षे धरून १४४ नाण्यांचा पूर्ण संच होतो. संग्राहकांना संच पुरा करायचे वेड असते. त्या अल्बममध्ये जनरल ली आणि बुकर वॉशिंग्टन एकाच पानावर शांतपणे बसतात, जणू दोघांत काही भांडण नव्हते. संचाचा हा दोष ध्यानात ठेवा. मग आंबेडकरी संग्राहकाने स्टोन माउंटनचे नाणे घ्यावे का? माझे उत्तर, घ्यावे. आज विकत घेतल्याने त्या शिल्पसमितीला एक पैसाही जात नाही. बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली आणि तीच मनुस्मृती श्लोकांच्या क्रमांकासह आपल्या ग्रंथांत उद्धृतही केली. जाळायला लागते तशी पुराव्यालाही लागते. फक्त ते नाणे शोकेसमध्ये एकटे ठेवू नका. शेजारी कार्ड हवे. हा डोंगर कोणता, इथे १९१५ ला काय पेटले, हे दोघे कशासाठी लढले.

आता आपल्या नाण्याकडे येऊ. १२५ रुपयांचे नाणे ३५ ग्रॅमचे, त्यात निम्मी चांदी, बाकी तांबे, निकेल आणि जस्त. ते चलनात नाही. तुम्ही त्याने बाजारात काहीही विकत घेऊ शकत नाही. आणि ज्याच्यासाठी ते काढले, तो माणूस कोण? ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा १९२३ चा प्रबंध लिहिणारा. चांदीच्या रुपयाची अख्खी कुंडली मांडणारा अर्थशास्त्रज्ञ. १८३५ चा रुपया १८० ग्रेनचा, त्यात १६५ ग्रेन चांदी. १८९३ मध्ये सरकारने लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणे बंद केले आणि रुपयाची किंमत त्यातल्या चांदीपासून सुटली. तिथून पुढे रुपयाचे मोल किती रुपये बाजारात सोडले यावर ठरते आणि ते सोडण्याचा अधिकार मोकाट असला तर महागाईने गरिबाचे कंबरडे मोडते, हा बाबासाहेबांच्या मांडणीचा गाभा. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढेही ते हेच सांगायला गेले. (रिझर्व्ह बँक म्हणजे त्या एका पुस्तकाचे फळ, असे मेसेज फिरवणाऱ्यांना विनंती, की आधी पुस्तक उघडा. जे आहे तेच इतके मोठे आहे, की फुगवायची गरज नाही.)

अशा माणसाचा सन्मान आपण कशात मोजतो? यात चांदी किती, आज मोड किती येईल, पाच वर्षांनी काय भाव होईल! नाण्याचे मोल धातूत बघण्याची जी सवय त्यांनी शंभर वर्षांपूर्वी खोडून काढली, तीच त्यांच्या नाण्याला आपण लावतो. चांदीचाच भाव हवा असेल तर सराफाकडे जा, तिथे निम्मे तांबे-जस्त मिसळलेले मिळणार नाही.

माझ्या लेखी २०१५ चे खरे नाणे १० रुपयांचे आहे. ते भाजीवालीच्या गल्ल्यात पडते, एसटीत कंडक्टरच्या बॅगेत जाते. त्याच्या वाट्याला काय आले? १० रुपयांची नाणी बंद झाली, खोटी आहेत, अशी अफवा पसरली आणि दुकानदार ती नाकारू लागले. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले, की १० रुपयांच्या नाण्यांचे चौदाही नमुने वैध आहेत. त्या चौदात बाबासाहेबांचेही एक आहे. चांदीच्या नाण्याला मखमली डबी आणि ज्या नाण्याने गरिबाचा व्यवहार चालतो त्याला ‘चालत नाही’! दुकानात कोणी ते नाकारले तर तिथे वाद घाला. कायद्याने चलन असलेले नाणे आहे, नाकारता येत नाही, म्हणून सांगा. एवढा वाद आपण जयंतीच्या डीजेवरून घालतो.

ज्यांना जमवायचेच आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. १२५ रुपयांचे नाणे प्रत्येक घरात असण्याची गरज नाही. विहाराने किंवा वाचनालयाने एक घ्यावे, सरकारी टांकसाळीच्या वेष्टनासह आणि पावतीसह. रस्त्यावर ‘शुद्ध चांदी’ म्हणून विकले जाणारे चेहऱ्याचे गोल तुकडे ही नाणी नव्हेत. ज्यावर भारत सरकार आणि मूल्य नाही, ते पदक. मुलीच्या फीचे पैसे नाण्यात घालू नका, त्या पैशाचे नाणे मुलगीच आहे. जुन्या चांदीच्या नाण्याला चिंच, रांगोळी किंवा पितांबरी लावून घासू नका. काळवंडलेली चांदी संग्राहकाला चालते, घासलेली चालत नाही. आणि परदेशी नाणे घेणार असाल तर बुकर वॉशिंग्टनपासून सुरुवात करा.

वाचनालयाच्या कपाटात ते ठेवताना एका बाजूला वॉशिंग्टनचे नाणे, मध्ये बाबासाहेब आणि ड्यु बॉइस यांच्या पत्रांच्या छापील प्रती, दुसऱ्या बाजूला १९९० चा एक रुपया आणि २०१५ चे १० रुपये, अशी मांडणी करून बघा. पत्रांच्या प्रती इंटरनेटवर फुकट मिळतात. १९९० चा रुपया घरातल्या जुन्या डब्यात, देव्हारा मोडून झालेल्या कोनाड्यात, आजीच्या बटव्यात सापडेल. आजीला विचारून घ्या.